थंडरबर्ड : संगणकावरील टपाल आणि त्याची राखण

अमेरिकेतील मोझिला फाउंडेशनने ७ डिसेंबर २००४ रोजी थंडरबर्ड या ई-मेल प्रोग्रामची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा काळ त्याला फारसा अनुकूल नव्हता. त्याच वर्षी १ एप्रिल रोजी गुगलने जीमेलची घोषणा केली होती आणि प्रत्येक खात्याला १ जीबी जागा देऊ केली होती. हॉटमेलच्या मोफत खात्यात तोवर अवघी २ एमबी जागा मिळत असे. पत्रे ठेवण्यासाठी एवढे मोठे कोठार फुकट मिळत असताना ती आपल्या संगणकावर उतरवून घ्यायचीच कशाला, हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत विचारला जातो.

या प्रश्नाचे उत्तर ताब्याशी निगडित आहे. संकेतस्थळावर वाचलेले पत्र सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावर असते. खाते बंद पडले, गोठवले गेले किंवा कोणी बळकावले, की त्या पत्रापर्यंत जाणारी वाटही बंद होते. संगणकावर बसवलेला प्रोग्राम पत्राची प्रत वाचकाच्या घरात आणून ठेवू शकतो. मात्र प्रतीबरोबर ती जपण्याचे, परक्या नजरेपासून झाकण्याचे आणि गरज पडेल तेव्हा शोधून काढण्याचे कामही घरात येते. थंडरबर्ड वापरणाऱ्या अनेकांना या दुसऱ्या भागाची जाणीव उशिरा होते.

भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून होत असे आणि जोडणी चालू असेपर्यंत दूरध्वनीचा आकारही चढत असे. त्या दिवसांत संगणकावरील टपाल-प्रोग्राम ही चैनीची गोष्ट नव्हती. पत्रे झटपट उतरवून घ्यायची, जोडणी तोडायची, निवांतपणे वाचायची, उत्तरे लिहून ठेवायची आणि पुन्हा जोडणी साधून सगळी एकदम रवाना करायची, असा शिरस्ता होता. पुढे अखंड जोडणी स्वस्त झाली आणि हे कारण उरले नाही.

जुने प्रोग्रामही एकेक करून मागे पडले. इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ मध्ये लिहिलेला ‘युडोरा’ एके काळी अतिशय लोकप्रिय होता. त्याचे नाव युडोरा वेल्टी या अमेरिकी लेखिकेवरून ठेवलेले होते, कारण घरच्यांशी भांडून टपाल कार्यालयात राहायला गेलेल्या स्त्रीची एक कथा त्यांनी लिहिली होती. क्वालकॉम कंपनीने २००६ मध्ये या प्रोग्रामचा विकास थांबवला. विंडोजबरोबर मिळणारा आउटलुक एक्स्प्रेस एक्सपी आवृत्तीबरोबर संपला. नेटस्केपच्या टपाल विभागाच्या वंशातला थंडरबर्डही एकदा संकटात आलाच होता. जुलै २०१२ मध्ये मोझिलाने त्यात नवी भर घालण्यास यापुढे प्राधान्य राहणार नाही, असे जाहीर केले. परंतु वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो तगून राहिला. जानेवारी २०२० पासून मोझिला फाउंडेशनचीच एमझेडएलए टेक्नॉलॉजीज ही उपकंपनी त्याचे काम पाहते. हा प्रोग्राम विनामूल्य असून त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर तो चालतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइड भ्रमणध्वनीसाठीही त्याची आवृत्ती आली.

पीओपी की आयमॅप?

खाते जोडताना थंडरबर्ड नाव, ई-मेल पत्ता आणि परवलीचा शब्द विचारतो. परिचित सेवांच्या सर्व्हरचे तपशील तो स्वतःच शोधून काढतो. त्यानंतर समोर येणारी एक निवड मात्र वाटते तितकी किरकोळ नाही. ती निवड म्हणजे पीओपी आणि आयमॅप या दोन पद्धतींतील.

पीओपी ही पद्धत १९८४ मधली. सर्व्हर म्हणजे टपाल कार्यालयातील पेटी आणि पत्र म्हणजे तिथून घरी न्यायची वस्तू, अशी तिची कल्पना आहे. पत्र उतरले की सर्व्हरवरची प्रत काढून टाकणे ही तिची मूळ रीत. आयमॅपची रचना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली. तिच्यात पत्राची मुख्य जागा सर्व्हर हीच असते आणि संगणक त्या जागेचे प्रतिबिंब दाखवतो. एका यंत्रावर वाचलेले पत्र दुसऱ्यावरही वाचलेले दिसते. एका ठिकाणी हलवलेले सर्वत्र हलते.

घरी एक संगणक, कार्यालयात दुसरा आणि खिशात भ्रमणध्वनी अशी स्थिती असेल, तर पीओपीमुळे पत्रव्यवहाराचे तुकडे होतात. सोमवारची पत्रे एका यंत्रावर, मंगळवारची दुसऱ्यावर आणि पाठवलेली तिसऱ्यावर. पीओपी ठेवायचेच असेल, तर ‘पत्रे सर्व्हरवर राहू द्यावीत’ अशा अर्थाचा पर्याय आणि त्यापुढील दिवसांची मर्यादा तपासून घ्यावी लागते. बहुतेकांना आज आयमॅपच सोयीचे पडते.

पण आयमॅप म्हणजे राखीव प्रत नव्हे. भ्रमणध्वनीवर चुकून पुसलेले पत्र थोड्याच वेळात संगणकावरूनही नाहीसे होते, कारण प्रतिबिंबाने मूळ वस्तूचे अनुकरण करायचे असते. खाते बळकावणाऱ्याने सगळी पत्रे पुसली, तर थंडरबर्डही तीच आज्ञा निमूटपणे पाळतो. जी पत्रे हरवता कामा नयेत, त्यांची प्रत ‘लोकल फोल्डर्स’ या विभागात करून ठेवावी लागते. हा विभाग फक्त आपल्या संगणकावर असतो आणि सर्व्हरशी त्याचा संबंध नसतो.

गुगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी केवळ परवलीच्या शब्दावर चालणारा बाहेरच्या प्रोग्रामांचा प्रवेश बंद केला, तर मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी तसेच केले. आता थंडरबर्ड त्या त्या कंपनीची प्रवेशाची खिडकी उघडतो, वापरणारा तिथे आपली ओळख पटवतो आणि प्रोग्रामला एक परवानाचिठ्ठी मिळते. खात्याचा परवलीचा शब्द संगणकावर साठवावा लागत नाही, हा यातला मोठा लाभ होय.

पत्र वाचताना

थंडरबर्डमध्ये एखादे जाहिरातवजा पत्र उघडले, की चित्रांच्या जागा रिकाम्या दिसतात आणि बाहेरचा मजकूर रोखल्याची सूचना वर झळकते. नवख्या माणसाला हा बिघाड वाटतो. वस्तुतः ती प्रोग्रामची सर्वांत उपयुक्त सवय आहे. पत्रातील चित्र दूरच्या सर्व्हरवरून मागवले गेले, की त्या सर्व्हरच्या मालकाला पत्र केव्हा उघडले आणि कोणत्या जोडणीवरून उघडले हे समजते. डोळ्यांना न दिसणारे एका ठिपक्याएवढे चित्रही त्यासाठी पुरते. ओळखीच्या प्रेषकासाठी ही बंदी उठवता येते. सर्वांसाठी एकदम उठवणे शहाणपणाचे नाही.

संशय आला, तर ‘व्ह्यू’ यादीतील पर्यायाने पत्र साध्या मजकुराच्या रूपात पाहावे. सजावट गळून पडते आणि दुव्यावर लिहिलेला पत्ता एक व प्रत्यक्षात उघडणारा पत्ता दुसरा, अशी लबाडी पुष्कळदा उघडी पडते. त्याहून खोलात जायचे असेल, तर कंट्रोल आणि यू या कळा एकत्र दाबल्यावर पत्राचा मूळ मजकूर दिसतो. त्यात ‘रिसीव्ह्ड’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळी म्हणजे पत्राने वाटेत घेतलेले टपालाचे शिक्के. ते खालून वर वाचायचे असतात. सर्वांत वरचा शिक्का आपल्या स्वतःच्या सेवेचा असल्याने अधिक विश्वासार्ह, तर खालचे शिक्के बनावटही असू शकतात. ‘फ्रॉम’ या ओळीतील नाव तर कोणीही काहीही लिहू शकतो. ई-मेल पोहोचवण्याची मूळ पद्धत १९८२ मध्ये लिहिली गेली, तेव्हा जाळ्यावरील संगणक मोजके आणि बहुधा एकमेकांच्या माहितीचे होते. प्रेषकाची ओळख पटवण्याची तरतूद तिच्यात नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्या पुढे जोडल्या गेल्या. त्यांचा निकाल याच मूळ मजकुरात ‘ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स’ या ओळीत नोंदलेला असतो.

तरीही या तपासण्या एका फसवणुकीपुढे निरुपायी ठरतात. पुरवठादाराच्या पत्त्यात एखादेच अक्षर बदलून घेतलेला नवा पत्ता तांत्रिकदृष्ट्या खराच असतो आणि सर्व तपासण्यांत उत्तीर्ण होतो. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढे रक्कम या खात्यात भरावी’ अशा मजकुराचे पत्र आले, तर आधीपासून जवळ असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करण्याला पर्याय नाही. पत्रात दिलेला क्रमांक यासाठी वापरू नये. पैसे गेलेच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळण्याआधी ती अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते.

मराठीतून लिहिताना

युनिकोडपूर्व काळात मराठी पत्र पाठवणे म्हणजे फाँटचाही पाहुणचार करणे होते. लिहिणाऱ्याकडचा फाँट वाचणाऱ्याकडे नसला, की पत्राच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसे. त्या काळातील जतन केलेली पत्रे आजही तशीच दिसतात, कारण त्यांत मराठी अक्षरे नव्हतीच. रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा होता. युनिकोडने प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला आणि थंडरबर्ड पत्रे यूटीएफ-८ या युनिकोड पद्धतीनेच पाठवतो. विषयाच्या ओळीतही निःशंकपणे मराठी लिहावे.

मूळ मजकूर उघडल्यावर मात्र मराठी विषयाच्या जागी रोमन अक्षरांची व अंकांची माळ दिसते. त्याने गडबडून जाऊ नये. ई-मेलची जुनी वाहतूक इंग्रजी अक्षरांपुरतीच आखलेली होती. इतर लिपी, चित्रे आणि ध्वनी याच वाटेने नेण्याची माइम ही युक्ती नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ मध्ये मांडली. तिच्यातील बेस-६४ या प्रकारात ३ बाइटचे ४ अक्षरांत रूपांतर होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नेमके ३ बाइटचे असते, म्हणजे वाहतुकीत एका चिन्हाची ४ रोमन अक्षरे होतात. जोडपत्रांचेही तेच. १८ एमबीची फाइल जोडली, तर वाटेत तिचे वजन २४ एमबी भरते. २५ एमबीची मर्यादा असलेल्या सेवेकडून २० एमबीचे जोडपत्र परत का आले, याचे कोडे इथे सुटते.

‘सोबत अहवाल जोडला आहे’ असे लिहून अहवाल जोडायचाच राहणे, हा अनुभव कोणाला नवा नाही. थंडरबर्ड मजकुरातील ठरावीक शब्द पाहून पाठवण्यापूर्वी आठवण करून देतो. शब्दांची ही यादी सेटिंगमध्ये असते आणि तिच्यात ‘सोबत’, ‘जोडपत्र’ यांसारखे आपले शब्द घालता येतात. पुष्कळ जणांना एकच पत्र पाठवताना सर्वांचे पत्ते ‘बीसीसी’ या रकान्यात लिहावेत. अन्यथा प्रत्येकाचा पत्ता इतर सर्वांच्या हाती पडतो.

कुलपे तीन, कामे वेगळी

सुरक्षिततेविषयी बोलताना तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पहिली गोष्ट वाटेची. संगणक आणि सर्व्हर यांच्यातील जोडणी टीएलएस पद्धतीने बंदिस्त असावी लागते. आयमॅपसाठी ९९३ आणि पत्र पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे दारक्रमांक दिसत असतील आणि जोडणीच्या सुरक्षिततेपुढे ‘नन’ असे लिहिलेले नसेल, तर उपाहारगृहातील खुल्या वाय-फायवरही परवलीचा शब्द आणि पत्र कोणाला वाटेत वाचता येत नाही. परंतु हे टपालाच्या गाडीचे कुलूप आहे. गाडी सर्व्हरपाशी पोहोचली की ते उघडते आणि तिथे पत्र पोस्टकार्डासारखे उघडे असते.

दुसरी गोष्ट घराच्या दाराची. थंडरबर्डमध्ये साठवलेले परवलीचे शब्द सेटिंगमधून कोणालाही वाचता येतात. ‘प्रायमरी पासवर्ड’ ठेवला, तरच त्यांना आवरण मिळते. हा शब्द मूळचा निवडावा लागतो, प्रोग्राम आपणहून तो मागत नाही, आणि म्हणून तो बहुधा ठेवलेला नसतो. पत्रांच्या फाइली त्यानेही झाकल्या जात नाहीत. लॅपटॉप चोरीला गेला, तर चकती दुसऱ्या यंत्राला जोडून त्या वाचता येतात. त्यासाठी संपूर्ण चकतीच कूटबद्ध करणे, म्हणजे विंडोजमधील बिटलॉकर किंवा मॅकमधील फाइलव्हॉल्ट यांसारखी सोय चालू करणे, हाच उपाय आहे.

तिसरी गोष्ट खुद्द पत्राच्या लिफाफ्याची. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हा प्रोग्राम लिहून सामान्य माणसाच्या हाती भक्कम कूटलेखन दिले. अमेरिकी कायद्याच्या लेखी असे कूटलेखन म्हणजे युद्धसामग्री होती. त्याच्या निर्यातीबद्दल झिमरमन यांची सुमारे तीन वर्षे फौजदारी चौकशी चालली आणि १९९६ मध्ये ती आरोप न ठेवता सोडून देण्यात आली. दरम्यान १९९५ मध्ये पीजीपीची संपूर्ण संहिता एमआयटी प्रेसने पुस्तकरूपाने छापली होती. संगणकीय संहितेला निर्यातबंदी असली, तरी छापील पुस्तकाला ती कशी लावणार, हा त्यामागचा पेच होता.

पुढे ओपनपीजीपी या खुल्या मानकाचे रूप घेतलेली ही पद्धत थंडरबर्डमध्ये पूर्वी एनिगमेल नावाच्या जोडणीने वापरावी लागे. २०२० मधील ७८ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ती प्रोग्रामच्या अंगात आली. ‘अकाउंट सेटिंग्ज’ मधील ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्शन’ या पानावर किल्ल्यांची जोडी तयार करता येते. सार्वजनिक किल्ली सर्वांना द्यायची आणि खासगी किल्ली कोणालाही द्यायची नाही. समोरच्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद केलेले पत्र केवळ त्याच्या खासगी किल्लीने उघडते. उलट, आपल्या खासगी किल्लीने केलेली स्वाक्षरी आपल्या सार्वजनिक किल्लीने कोणीही पडताळू शकतो. लिफाफ्यावरच्या लाखेच्या मोहरेचे काम ती करते.

यातली कच्ची कडी गणितात नसून ओळखीत आहे. हाती आलेली किल्ली त्याच माणसाची कशावरून? प्रत्येक किल्लीला ४० अंक-अक्षरांचा एक ठसा असतो. तो दूरध्वनीवर एकमेकांना वाचून दाखवून जुळवून घ्यावा आणि मगच थंडरबर्डमध्ये ती किल्ली पडताळलेली म्हणून नोंदवावी. हा पाच मिनिटांचा सोपस्कार टाळला, तर मध्ये कोणी आपली किल्ली घुसवल्याचे कळणार नाही. ज्यांना अधिकृत प्रमाणपत्रावर विसंबायचे असेल, त्यांच्यासाठी एस-माइम ही दुसरी पद्धत थंडरबर्डमध्ये आहे. तिच्यात ओळखीची हमी प्रमाणपत्र देणारी संस्था घेते.

कूटबद्ध पत्रातही सारे काही झाकले जात नाही. मजकूर आणि जोडपत्रे दडतात. थंडरबर्ड विषयही आत दडवतो आणि बाहेर केवळ टिंबे ठेवतो. मात्र कोणी, कोणाला आणि केव्हा लिहिले, हे सर्व्हरला दिसतच राहते. मे २०१८ मध्ये जर्मनी आणि बेल्जियममधील संशोधकांनी ‘ईफेल’ नावाने मांडलेल्या त्रुटींनी आणखी एक धडा दिला. हल्लेखोर जुन्या कूटबद्ध पत्राभोवती सजावटीची अशी संहिता गुंफत, की ते उघडताच आतील मजकूर चित्र मागवण्याच्या विनंतीबरोबर बाहेर जाई. थंडरबर्डही तडाख्यात सापडला होता आणि त्या वर्षीच्या सुधारित आवृत्त्यांनी वाट बुजवली. बाहेरचा मजकूर रोखण्याची वर सांगितलेली सवय आणि वेळेवर घेतलेल्या सुधारणा यांचे महत्त्व यावरून ध्यानात यावे.

जपणूक

थंडरबर्डची सारी संपत्ती ‘प्रोफाइल’ नावाच्या एका फोल्डरात असते. ‘हेल्प’ यादीतील ‘ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून तो थेट उघडता येतो. प्रोग्राम बंद करून हा फोल्डर बाहेरच्या चकतीवर उतरवून घेतला, की पत्रे, पत्ते, सेटिंग आणि किल्ल्या यांची एकत्रित प्रत तयार होते. प्रत्येक टपाल-फोल्डर सर्वसाधारणपणे एका लांबलचक फाइलच्या रूपात साठवलेला असतो आणि त्यात पत्रे एकापुढे एक लिहिलेली असतात. पत्र पुसले, तर त्यावर केवळ काट मारली जाते. मजकूर ‘कॉम्पॅक्ट’ ही क्रिया होईपर्यंत फाइलमध्ये राहतो. गोपनीय पत्र पुसून निश्चिंत होणाऱ्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी. घाईने पुसलेले पत्र परत हवे असणाऱ्यानेही ‘कॉम्पॅक्ट’ करण्याआधी थांबावे.

वादाचा प्रसंग आला, तर पत्राची छापील प्रत पुरेशी ठरेलच असे नाही, कारण टपालाचे शिक्के तिच्यात नसतात. पत्र ‘सेव्ह ॲज’ या पर्यायाने ईएमएल फाइल म्हणून जतन केल्यास मूळ मजकूर जसाच्या तसा राहतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात मांडताना प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्याच्या नमुन्यात फाइलच्या हॅश मूल्याची नोंद अपेक्षित आहे. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी हे मूल्य बदलते. म्हणून मूळ फाइलला हात न लावता काम तिच्या प्रतीवरच करावे.

खासगी किल्लीची राखीव प्रत वेगळी काढून, तिला स्वतंत्र परवलीचा शब्द लावून, संगणकापासून दूर ठेवावी लागते. थंडरबर्डने तयार केलेल्या किल्लीची मुदत सर्वसाधारणपणे ३ वर्षांची असते. ती संपत आली की वाढवता येते आणि वाढवलेली सार्वजनिक किल्ली पुन्हा सर्वांना पाठवावी लागते. मुदत संपलेली खासगी किल्लीही टाकून देऊ नये, कारण तिच्यासाठी बंद केलेली जुनी पत्रे तिच्याशिवाय उघडत नाहीत. परवलीचा शब्द विसरल्यावर सेवा देणारी कंपनी नवा शब्द देते. हरवलेल्या खासगी किल्लीबद्दल मात्र दाद मागावी असे कोणतेही कार्यालय नाही.